क्रिस्टा की हायक्रॉस? नव्या घडणीच्या इनोव्हाबद्दल सातारा-सांगलीकर वारंवार विचारतात ते प्रश्न

आमच्या घरी २०१७ पासून टोयोटाची डिझेल इनोव्हा क्रिस्टा होती. २०२४ मध्ये ती देऊन हायक्रॉस हायब्रीड (पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली) घेतली. सांगलीला विश्रामबागेत राहणाऱ्या चुलतभावाकडे आजही क्रिस्टाच आहे, आणि ती न बदलण्याचा त्याचा निर्णय मला पटतो. दोन्ही गाड्या घरात असल्यामुळे लग्नकार्यात, पंपावर, फोनवर लोक तेच तेच प्रश्न विचारत राहतात. ते इथे एकत्र केले आहेत. घरातली सात माणसं आणि पंचवीस-तीस लाख रुपये यांचा प्रश्न आहे, म्हणून उत्तरं जरा सविस्तर दिली आहेत.

१. हायक्रॉस म्हणजे क्रिस्टाच ना? फक्त तोंड बदललंय की आणखी काही?

नाव सोडलं तर जवळजवळ सगळंच बदललं आहे. २००५ मध्ये क्वालिसच्या जागी पहिली इनोव्हा आली, २०१६ मध्ये क्रिस्टा आली. या दोन्ही गाड्या शिडीसारख्या चेसिसवर बांधलेल्या आणि मागची चाकं ओढणाऱ्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये दाखवलेली हायक्रॉस मोनोकॉक आहे, म्हणजे वेगळी चेसिस नाही, बॉडी हाच सांगाडा. पुढची चाकं ओढतात, डिझेल इंजिन मिळतच नाही. लांबी फक्त २० मिलिमीटरने वाढली (४७३५ वरून ४७५५), पण पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर १०० मिलिमीटरने वाढून २८५० झालं. बसणाऱ्याला जागा मिळाली ती या दुसऱ्या आकड्यामुळे. उंच बॉनेट, मोठी जाळी, वरच्या मॉडेलला १८ इंची चाकं यांमुळे ती एसयूव्हीसारखी दिसते, पण आतून ती घरच्या माणसांना घेऊन फिरायचीच गाडी आहे.

२. मग क्रिस्टा बंद झाली का?

हायक्रॉस आली म्हणून नाही. २०२३ च्या सुरुवातीला क्रिस्टा परत बाजारात आली, पण फक्त २.४ लिटर डिझेल आणि पाच गिअरच्या मॅन्युअलमध्ये. डिझेल ऑटोमॅटिक हवी असेल तर जुन्या गाड्यांच्या बाजारात शोधावी लागते. क्रिस्टा कोणी घ्यावी ते प्रश्न १७ मध्ये आहे.

३. चेसिस नाही म्हणजे गाडी नाजूक झाली का? आमच्याकडे सगळे हेच म्हणतात.

हा समज आपल्या भागात फार घट्ट आहे, आणि तो कुठून आला हेही कळतं. क्रिस्टाखाली वाकून बघा. दोन जाड पट्ट्या, त्यांना आडवे जोड, मधून मागे गेलेला लांब शाफ्ट, मागे हाऊसिंग. डोळ्यांना दिसणारं लोखंड बघून माणसाला धीर येतो. हायक्रॉसखाली यातलं काहीच दिसत नाही.

पण धडकेत माणूस वाचतो तो सांगाडा किती जाड आहे यावर नाही, तर धक्का कुठून कुठे वाटून जातो यावर. मोनोकॉकमध्ये पुढचा भाग ठरवून चुरगळतो आणि माणसं बसतात तो पिंजरा टिकतो. २०२५ मध्ये भारत एनकॅपच्या धडक-चाचणीत हायक्रॉसला पाच तारे मिळाले. चेसिसचा खरा फायदा वेगळा आहे: रोजचा भरपूर बोजा, खाचखळगे आणि वर्षानुवर्षांची ओढाताण. त्या कामात शिडीची चौकट अजूनही सरस आहे. कौटुंबिक गाडीकडून तसलं काम आपण किती दिवस करून घेतो, हे ज्याने त्याने घरात बसून मोजावं.

४. हायब्रीडला घरी चार्जिंगला लावावं लागतं का?

नाही. प्लगच नाही. २ लिटरचं पेट्रोल इंजिन, विजेची मोटर आणि एक बॅटरी, असं तिघांचं काम आहे. ब्रेक दाबला किंवा ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की मोटर उलटी वीज बनवते आणि ती बॅटरीत जाते. साताऱ्यात पोवई नाक्यावर किंवा सांगलीत मारुती चौकात गाडी सरकत सरकत जाते तेव्हा बराच वेळ इंजिन बंदच असतं.

पहिल्या दिवशी बाबांनी बटण दाबलं, आवाज काहीच नाही, म्हणून पुन्हा दाबलं आणि गाडी बंद केली. असं तीनदा झालं. काट्यांच्या जागी हिरव्या अक्षरात 'रेडी' दिसलं की गाडी चालू आहे, एवढं घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. अंगणात लहान मुलं असतील तर जास्तच काळजी घ्या, कारण मागे घेताना इंजिनचा आवाज येत नाही.

५. खरं ॲव्हरेज किती पडतं? कंपनीचं २३ पटत नाही.

हायब्रीडचा एआरएआयचा (गाड्यांची अधिकृत चाचणी करणारी संस्था) आकडा २३.२४ आहे, पण तो प्रयोगशाळेतला. माझ्या वहीत टाकी फुल ते टाकी फुल असं लिहून ठेवलेलं आहे: सातारा शहर आणि आसपास १७ ते १८, हायवेला शंभरच्या वेगाने १५ ते १६. क्रिस्टाचं उलट होतं, गावात १० आणि हायवेला १३-१४. हायब्रीड गर्दीत कमावते आणि सपाट मोकळ्या हायवेला तिचा फायदा आटतो, हे आधी माहीत असलेलं बरं.

समजा पेट्रोल १०५ रुपये आणि डिझेल ९१ रुपये लिटर आहे. हजार किलोमीटरला १६.५ च्या हिशोबाने हायब्रीडला सुमारे ६,३५० रुपये, तर १२ च्या हिशोबाने क्रिस्टाला सुमारे ७,६०० रुपये लागतात. वर्षाला पंधरा हजार किलोमीटर फिरत असाल तर फरक अठरा-एकोणीस हजारांचा पडतो. गाडीच्या किमतीतला फरक एवढ्यावर भरून यायला फार वर्षं जातील. म्हणून नुसत्या इंधनासाठी हायब्रीड घेऊ नका, असंच मी सगळ्यांना सांगतो. घ्यायची तर शांतता, ऑटोमॅटिक आणि मागच्या माणसांचा आराम यांसाठी घ्या.

६. सात माणसं बसवून यवतेश्वर, पसरणी घाट चढते का?

चढते, व्यवस्थित चढते. इंजिन आणि मोटर मिळून १८६ पीएसची ताकद आहे आणि मोटरचा जोर पहिल्या क्षणापासून मिळतो. यवतेश्वरच्या वळणावर समोरून एसटी आली, थांबावं लागलं आणि पुन्हा चढावर उचलायची, अशा वेळी हायक्रॉस क्रिस्टापेक्षा मला सोपी वाटते. क्लच नाही, ऑटो होल्ड (थांबल्यावर ब्रेक आपोआप धरून ठेवणारी सोय) असेल तर मागे घसरत नाही.

फरक लांब चढणीत कळतो. पुण्याहून येताना खंबाटकी किंवा कराडहून चिपळूणला जाऊन परत येताना कुंभार्ली घ्या. बॅटरीतली साठवण कमी झाली की पेट्रोल इंजिनाला जास्त काम करावं लागतं आणि त्याचा आवाज चढतो. डिझेलचा तो खालून येणारा रेटा इथे नाही. गाडी थकत नाही, पण कानाला ती थकल्यासारखी वाटते.

टेस्ट ड्राइव्ह घेताना एकटे जाऊ नका. शोरूमवाल्याला आधी फोन करून सांगा, घरची सगळी माणसं घेऊन जा आणि घाटातच न्या. सांगलीकरांना घाट लांब पडतो, तर निदान सात जण बसवून खराब रस्त्यावर नेऊन बघा. रिकाम्या गाडीत शोरूमसमोरून मारलेल्या चकरीवर पंचवीस लाखांचा निर्णय घेऊ नये.

७. घाट उतरताना पाय सोडलेला असूनही इंजिन एकदम ओरडायला लागतं. बिघाड आहे का?

बिघाड नाही. उतारावर बॅटरी भरत जाते. महाबळेश्वरहून वाईला येईपर्यंत ती वरपर्यंत भरते आणि मग आणखी वीज घेऊ शकत नाही. अशा वेळी गाडी इंजिन नुसतं फिरवून वेग धरून ठेवते, त्याचा हा आवाज. पेट्रोल त्यात जळत नाही. लांब उतारावर सतत ब्रेकवर पाय ठेवण्यापेक्षा गिअर लिव्हर 'एस' मध्ये घेऊन गिअरची पायरी कमी करा.

८. आई-वडिलांना गुडघ्यांचा त्रास आहे. कुठली बरी?

मला सगळ्यात जवळचा प्रश्न हाच. आमची गाडी बदलली ती आईच्या गुडघ्यांमुळे.

क्रिस्टात चढताना आई आधी वरची कडी धरायची, डावा पाय पायरीवर, मग दोन क्षण थांबायची, मग अंग ओढून घ्यायची. हायक्रॉसला खाली चेसिस आणि शाफ्ट नसल्यामुळे आतली जमीन खाली आली आणि सपाटही झाली. आता ती आधी सीटवर टेकते आणि पाय आत घेते. बाहेरून बघणाऱ्याला हा फरक वीतभरही वाटणार नाही. शिखर शिंगणापूरला जाऊन आलो त्या दिवशी ती चार वेळा उतरली आणि चढली, एकदाही कोणाचा हात मागितला नाही.

मधल्या रांगेत दोन स्वतंत्र खुर्च्या घ्यायच्या की सलग बाक, हे वय बघून ठरवा. वरच्या मॉडेलच्या खुर्च्यांना पोटऱ्यांखाली टेकू मिळतो, लांबच्या प्रवासाला तो छान. पण मांडी घालून बसायची सवय असलेल्या आजीला सलग बाकच सुखाचा वाटेल. मागच्या रांगेत क्रिस्टापेक्षा पायाला जागा चांगली मिळते. तरीही तिथे शिरायला वाकावं लागतंच, तेव्हा ती जागा नातवंडांची.

९. सातही सीटांवर माणसं असताना सामान कुठे ठेवायचं?

मागे चार मध्यम बॅगा उभ्या राहतात, त्यापुढे अडचण होते. मागची रांग मिटवली तर मात्र हायक्रॉस पुढे आहे: सीट जमिनीत सपाट जातात, तर क्रिस्टात त्या उचलून दोन्ही बाजूंना अडकवाव्या लागतात आणि जागा अडवतात.

१०. रात्री उसाच्या ट्रॉल्यांची भीती वाटते. ते रडार वगैरे उपयोगी पडतं का?

गळीत हंगामात, साधारण नोव्हेंबरपासून, इस्लामपूर, पलूस, कराड या पट्ट्यात रात्री गाडी चालवणाऱ्याला हा प्रश्न विचारावाच लागतो. जोडट्रॉली, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर उसाच्या पाचटाखाली झाकलेला.

वरच्या मॉडेलमध्ये टोयोटा सेफ्टी सेन्स मिळतं: समोर अडथळा आला की इशारा आणि गरज पडली तर ब्रेक, अंतर राखणारा क्रूझ, लेन धरायला मदत, आपोआप खाली-वर होणारे हेडलाइट. हायवेवर ते कामाचं आहे. पण ट्रॉलीबाहेर लोंबणारा ऊस आणि न दिसणारा मागचा भाग ही यंत्रणा वेळेत ओळखेलच, असं धरून चालू नका. हंगामात मी रात्री आतल्या रस्त्याने जातच नाही, वेळ लागला तरी हायवेने येतो. गाडी कुठलीही असली तरी मागच्या रांगेतल्या मुलांनाही पट्टा लावा.

११. हायब्रीड नको, साधी पेट्रोल हायक्रॉस घेतली तर?

जी आणि जीएक्स मॉडेल साध्या पेट्रोलमध्ये येतात, किंमत बरीच कमी. जागा आणि आराम तोच. ॲव्हरेज मात्र गावात दहाच्या आसपास धरून चाला, म्हणजे प्रश्न ५ च्या हिशोबाने हजार किलोमीटरला साडेदहा हजार रुपये. महिन्याला चारपाचशे किलोमीटरच फिरणं असेल तर हाच शहाणपणाचा सौदा आहे. बाहेरून सीएनजी किट बसवायचा विचार असेल तर आधी वॉरंटीची अट वाचा.

१२. मारुतीची इन्व्हिक्टो तीच आहे म्हणतात. मग ती का घेऊ नये?

गाडी तीच, टोयोटाच बनवून देते. जुलै २०२३ मध्ये आली, फक्त हायब्रीडमध्ये. हायक्रॉसच्या सर्वांत वरच्या मॉडेलमधला खुर्चीचा टेकू आणि रडारची यंत्रणा तिच्यात आली नव्हती, चाकंही १७ इंची. या गोष्टी नको असतील आणि तुमच्या गावाजवळ मारुतीची सर्व्हिस असेल, तर जरूर बघा. मिळणारी सूट आणि वेटिंग दोन्हीकडे विचारून घ्या.

१३. ऑन-रोड किंमत एवढी का वाढते? हायब्रीडला टॅक्स माफ नाही का?

महाराष्ट्रात इलेक्ट्रिक गाडीसारखी रोड टॅक्सची माफी हायब्रीडला नाही. वैयक्तिक नावावर वीस लाखांपुढच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के, डिझेलला १५ टक्के. म्हणजे पेट्रोल-हायब्रीडचे दोन टक्के वाचतात, तेवढाच दिलासा. कंपनीच्या नावावर घेतली तर २० टक्के लागतात. पुष्कळ जण सीएच्या सांगण्यावरून कंपनीच्या नावावर बुक करतात आणि हा आकडा पाहून मागे फिरतात, तेव्हा आधीच विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून हायब्रीडवरचा जीएसटी ४० टक्के झाला, आधी सेस धरून ४३ होता. दहा लाखांवरच्या गाडीला एक टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळी आगाऊ घेतलेला आयकर) लागतो, तो रिटर्न भरताना वळता होतो.

सांगलीची एमएच-१०, साताऱ्याची एमएच-११ की कराडची एमएच-५०, यावर टॅक्स बदलत नाही.

१४. हायब्रीडची बॅटरी गेली तर लाखोंचा खड्डा पडतो म्हणे?

खर्च मोठा आहे, यात शंका नाही. पण हायब्रीड बॅटरीला आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, जे आधी होईल तेवढी वॉरंटी आहे. तिच्यातली निकेल-मेटल हायड्राइड जात जुनी आणि टिकाऊ म्हणून ओळखली जाते. ही बॅटरी गाडीच्या आतलीच हवा घेऊन थंड राहते. तिच्या हवेच्या जाळीवर पिशवी, टॉवेल, चटई ठेवू नका आणि आपल्या मुरमाड धुळीत सर्व्हिसिंगला जाळी साफ केली का, ते विचारा.

जुनी हायब्रीड विकत घेणार असाल तर बॅटरीची तपासणी अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये करून कागद हातात घ्या. धन्याच्या तोंडी शब्दावर राहू नका.

१५. एवढी मोठी बॅटरी असताना गाडी चालूच झाली नाही, असं कसं?

आमच्याकडे झालं आहे. एका दुकानातून डॅशकॅम बसवून घेतला होता, त्याने वायर अशा ठिकाणी जोडली की गाडी बंद असतानाही कॅमेरा वीज ओढत राहायचा. आम्ही तीन आठवडे बाहेर होतो. परत आलो तर दारही रिमोटने उघडेना.

हायब्रीडमध्येही १२ व्होल्टची साधी छोटी बॅटरी असते. गाडीचा मेंदू तिच्यावर जागा होतो. ती उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही 'रेडी' येत नाही. जंप स्टार्टने (दुसऱ्या बॅटरीची वीज देऊन) गाडी लगेच चालू होते, फक्त आपल्या गाडीवरून दुसऱ्याचा ट्रक किंवा ट्रॅक्टर चालू करून द्यायला जाऊ नका. गाडी जास्त दिवस उभी राहणार असेल तर आठवड्यातून एकदा 'रेडी' करून अर्धा तास ठेवायला कोणाला तरी सांगून जा.

१६. सांगलीत पूर येतो. हायब्रीड पाण्यात गेली तर शॉक बसेल का?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४५ फूट. ते ज्यांनी पाहिलंय त्यांनी हा प्रश्न विचारणं साहजिक आहे. उच्च दाबाची वायरिंग गाडीच्या बॉडीपासून वेगळी ठेवलेली असते आणि बिघाड कळला की यंत्रणा जोडणी तोडते. नुसत्या स्पर्शाने शॉक बसेल असं नाही. पण पाण्यातून निघालेल्या गाडीच्या नारंगी (उच्च दाबाच्या) वायरना कोणीही हात लावायचा नाही, गावातल्या ओळखीच्या मेकॅनिकनेही नाही.

बॅटरी पुढच्या सीटांखाली आहे, म्हणजे आत पाणी आलं की ते तिथपर्यंत लवकर पोहोचतं. आयर्विनची पातळी वाढायला लागली की गाडी आधी उंचावर हलवा, भांडीकुंडी नंतर. पाण्यात राहिलेली गाडी चालू करून बघायची नाही, कुठलीही गाडी असो. इंजिनात पाणी असताना बटण दाबलं तर इंजिन मोडतं, आणि इंजिन संरक्षणाची जोड नसलेल्या विम्यात हा दावा साधारणपणे नाकारला जातो. कृष्णाकाठी राहणाऱ्यांनी ती जोड घ्याच.

बंद पडलेली गाडी ओढून न्यायची तर पुढची चाकं उचलून किंवा पूर्ण गाडी ट्रकवर चढवून. दोर बांधून ट्रॅक्टरने ओढली तर पुढच्या चाकांबरोबर मोटर फिरते आणि नुकसान होतं.

१७. मग क्रिस्टाच घ्यावी, असं कोणाला सांगाल?

माझ्या चुलतभावाला. त्याची द्राक्षबाग तासगावकडे आहे. रस्ता सोडून आत दोन किलोमीटर चाकोरी, मागे औषधाचे ड्रम, वर्षाला चाळीस हजार किलोमीटर, त्यातले बरेचसे बेंगळुरूच्या हायवेला. डिझेल, मागची चाकं ओढणारी आणि कुठल्याही तालुक्याच्या गावात दुरुस्त होणारी गाडी त्याला हवी. बागेतल्या पावसाळी चिखलात चढावर वजन मागे पडतं, तेव्हा मागून ढकलणारी गाडी निघते आणि पुढून ओढणारीची चाकं जागेवर फिरतात. आम्ही दोन्ही गाड्या त्याच चढावर नेऊन पाहिल्या आहेत. हायक्रॉस ढकलायला चार माणसं लागली.

१८. आपल्याकडे एवढे साखर कारखाने, इथेनॉलही आपलंच. हायक्रॉस पूर्ण इथेनॉलवर चालेल का?

२९ ऑगस्ट २०२३ ला नितीन गडकरींच्या हस्ते दिल्लीत जी दाखवली, ती फ्लेक्स-फ्युएल हायक्रॉस म्हणजे नमुना होता. तिच्यात जास्त इथेनॉल सोसतील असे भाग होते. त्या बातमीचा व्हिडिओ अजून फिरत असतो आणि लोकांना वाटतं की शोरूममधली गाडीही तशीच आहे. तुमच्या दारातली हायक्रॉस २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी आहे, जे आता पंपावर मिळतंच. त्याहून जास्त इथेनॉल टाकीत घालू नका, कारखान्यातल्या ओळखीने कितीही स्वस्त मिळालं तरी. पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूचा स्टिकर एकदा वाचा आणि पंपावरच्या पोरालाही दाखवून ठेवा.